साखळी कुणाची, चाबूक कुणाचा

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बरंचसं बोललो तसंच ठेवलंय.)



मला बोलावलं कवी म्हणून. कविता नंतर बघू. आज बिलांवर बोलायचंय. हसू नका. आपली अर्धी पोरं रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभच्या एमआयडीसीत ठेकेदाराच्या हजेरीवर आहेत. उरलेल्यांतली काही कर्ज काढून शेड टाकून बसलीत, दोन लेथ, एक ड्रिल, दारावर बाबासाहेबांचा फोटो. दोघांच्याही ताटात काय पडणार हे एका कागदावर ठरतं. त्या कागदाचं नाव बिल. ते कधी चुकतं होणार, हे ठरवणाऱ्याला आपण व्यवस्था म्हणतो आणि पुढं जातो. आज पुढं जायचं नाही. व्यवस्था आतून कशी चालते ते नट-बोल्टासकट बघायचं.

मॅनेजमेंटच्या पुस्तकांत एक शब्द आहे, सप्लाय चेन. पुरवठा साखळी. १९८२ साली कीथ ऑलिव्हर नावाच्या एका सल्लागारानं लंडनच्या फायनान्शियल टाइम्सला मुलाखत देताना 'सप्लाय चेन मॅनेजमेंट' हा शब्द चालवला, आणि तिथून तो कॉलेजाकॉलेजात गेला. कच्चा माल, कारखाना, गोदाम, ट्रक, बंदर, दुकान हे सगळं सुटं सुटं न चालवता एकाच डोक्यानं चालवायचं, असा त्याचा अर्थ. डोकं एक, हात हजार. आपल्याला हे नवीन आहे का? गावगाड्यात बारा बलुतेदार होते. कुणी नांगर द्यायचा, कुणी मोट, कुणी मडकं, आणि महारानं वेस राखायची, सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं. माल रोज, सेवा रोज, मोबदला सुगीला. तोही खळ्यावर हात पसरून, देणाऱ्याच्या मर्जीनं. बाजारू भाषेत सांगायचं तर एक वर्षाची उधारी, बिनव्याजी, आणि घेणाऱ्याला नाही म्हणायची सोय नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं ते ह्याच उधारीच्या विरोधात. ती वतनं कायद्यानं गेली १९५८ च्या कायद्यानं. तीस वर्षं लागली. वतन गेलं, पण 'माल आधी, पैसा माझ्या मर्जीनं' ही रीत गेली का, हा आजचा प्रश्न आहे.

मी बंदरावर काम करतो. मॅट्रिक झालोय, पुढं शिकलो नाही. जहाजावर कंटेनर एकावर एक रचले की लोखंडी कांबी अडकवून ते आवळायचे, हे माझं काम. आत काय आहे ते मला माहीत नसतं. सील असतं. ही पेटी आली कुठून? १९५६ च्या एप्रिलात माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्यानं ५८ पेट्या एका जुन्या तेलवाहू जहाजावर ठेवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपण नागपूरला धर्म बदलला. दोन्ही गोष्टींनी आपलं जगणं बदललं. एकीची आपण जयंती करतो, दुसरीचं नावही आपल्याला ठाऊक नाही. पेटी येण्याआधी गोणी, पिंपं, गासड्या माणसाच्या पाठीवरून चढत-उतरत होत्या. पेटी आली आणि गँगच्या गँग घरी बसल्या. १९८९ साली न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं. तिथं क्रेनला जेवायची सुट्टी लागत नाही.

पेटीनं आणखी एक केलं. रांजणगावचा कारखाना जगाला जोडला. जग सर्दीनं शिंकलं की रांजणगावला ताप. २०२१ च्या मार्चात एव्हर गिव्हन नावाचं जहाज सुएझ कालव्यात आडवं पडलं आणि सहा दिवस वाट बंद. त्याच वर्षी चिप मिळेना म्हणून जगभर गाड्यांचे कारखाने थांबले. २०२३ च्या नोव्हेंबरापासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, प्रवास दहा-पंधरा दिवसांनी वाढला. अशा वेळी बंदरावर आमची पाळी तुटते. आणि इथं शिरूरला ठेकेदार म्हणतो, उद्यापासून येऊ नको. तो का म्हणतो? त्याच्यामागं एक गणित आहे. ते समजून घ्या, अवघड नाही.

अमेरिकेत जे फॉरेस्टर नावाच्या माणसानं १९६१ च्या आपल्या पुस्तकात ते मांडलं. आज त्याला म्हणतात बुलव्हिप, म्हणजे चाबकाचा परिणाम. आपल्या माणसाला चाबूक काय असतो ते शिकवावं लागत नाही. मूठ चार बोटं हलते, टोक चार हात उडतं, आणि वळ उठतो तो टोकाखाली.

आता हिशोब धरा. हा नमुन्याचा हिशोब आहे. एक दुकानदार महिन्याला १०० वॉशिंग मशीन विकतो. एका महिन्याचा माल, म्हणजे १००, गोदामात ठेवतो. त्याच्यामागं कंपनी, कंपनीमागं मोठा व्हेंडर, त्याच्यामागं आपल्या पोराची शेड. सगळ्यांची रीत एकच, महिन्याभराचा साठा हाताशी ठेवायचा. एका महिन्यात गिऱ्हाईक घटलं. शंभराचे नव्वद झाले. फक्त दहा कमी. दुकानदार म्हणतो, आता मला साठा नव्वदच पुरे. म्हणून तो नव्वदातून आणखी दहा वजा करतो आणि ८० ची ऑर्डर देतो. कंपनीला दिसतात ८०. तिनं साठा शंभराचा ऐंशी करायचा ठरवला, म्हणून ऐंशीतून वीस गेले, ऑर्डर ६० ची. मोठा व्हेंडर साठातून चाळीस काढतो, ऑर्डर २० ची. शेडवाल्याच्या हातात शंभराच्या जागी वीस. गिऱ्हाईक दहा टक्क्यांनी घटलं, शेडचं काम ऐंशी टक्क्यांनी बुडालं. शेडमध्ये शंभराचा माल आधीच पडून आहे, म्हणून त्या महिन्यात तो एक किलो पोलाद घेत नाही आणि पोरांना सांगतो, घरी बसा. गिऱ्हाईक वाढलं तरी तेच उलटं. शंभराचे एकशेदहा झाले तर शेडवर ऑर्डर येते १८० ची. मग रात्रपाळी, डबल ड्यूटी, आणि मशीनवरचं गार्ड काढून टाकायचं कारण वेळ नाही. बोटं कधी तुटतात? अशाच महिन्यात तुटतात.

ह्यात कुणी राक्षस नाही बघा. दुकानदारानं वाईट चिंतलं नाही. प्रत्येकानं आपापल्या परीनं शहाणपणाच केला. पण प्रत्येकाला फक्त आपल्यापुढच्याची ऑर्डर दिसते, खरी विक्री दिसत नाही. विक्रीचा आकडा वरच्यांनी खालपर्यंत कळवला तर चाबूक निम्मा मोडतो. हे पुस्तकांतच लिहिलंय. मग कळवत का नाहीत? कारण आकडा म्हणजे सत्ता. गावात पोथी कुणी वाचायची हे ठरलेलं होतं तसंच.

दुसरा शब्द ऐका, जस्ट इन टाईम. लागेल तेव्हा, लागेल तेवढा माल. टोयोटात ताईची ओहनो नावाच्या इंजिनिअरनं ही पद्धत उभी केली. तिथली पहिली अट अशी की आधी मागणी सपाट करा, रोजचं काम सारखं ठेवा, मग साठा कमी करा. आपल्याकडे पहिली अट विसरली गेली. मोठ्या कारखान्यानं आपलं गोदाम रिकामं केलं आणि माल कुठं गेला? व्हेंडरच्या शेडमध्ये. साठा कमी झाला नाही. साठा दुसऱ्याच्या अंगणात लोटला. ट्रक शिकरापूरच्या चौकात अडकला तरी दंड व्हेंडरला. वर कारखान्याची कार्यक्षमता वाढली म्हणून बक्षीस. खाली शेडवाला रात्री जागून माल राखतो, त्या जागरणाचा आकडा कुठल्याच तक्त्यात नाही.

आता पैशाकडे या. माझ्या मावसभावाची सणसवाडीच्या बाजूला शेड आहे. नाव सांगत नाही, ज्याला माल देतो त्याचंही नाही, कारण उद्या त्याची ऑर्डर जाईल. महिन्याला पाच लाखाचं काम. पैसे येतात नव्वद दिवसांनी. म्हणजे कायम पंधरा लाख रुपये दुसऱ्याच्या खिशात. पंचेचाळीस दिवसांत आले असते तर साडेसात लाखच अडकले असते. मधले साडेसात लाख तो उचलतो कुठून? बँक तारण मागते. जमीन नाही. आपल्या पूर्वजांना जमीन दिली कुणी? मग खाजगी, शेकडा तीन रुपये महिना. वर्षाचं व्याज दोन लाख सत्तर हजार. साठ लाखाच्या वर्षाच्या धंद्यात पाच टक्के सुटले तर तीन लाख. वजाबाकी तुम्हीच करा. वर्षभर राबून उरले तीस हजार. शिवाय जीएसटी पुढच्या महिन्यात भरायचाच, गिऱ्हाइकानं पैसे दिले असोत वा नसोत. पाच लाखावर अठरा टक्क्यांनी नव्वद हजार, स्वतःच्या खिशातून आधी.

आणि लोक म्हणतात, छोट्या उद्योगाची कामगिरी कमी पडते. वेळेवर माल देत नाहीत, रिजेक्शन जास्त, मशिनरी जुनी. अरे बाबा, तीस हजारात नवी मशिनरी येते का? ज्याचं रक्त काढून घेतलं त्यालाच विचारायचं, तू असा फिकट का?

भावांनो, कायदा नाही असं नाही. कायदा आहे, आणि चांगला आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्या-महिन्याला चक्रवाढ व्याज. भांडण झालं तर फॅसिलिटेशन कौन्सिल, निकाल ९० दिवसांत द्यायचा. निकालाविरुद्ध कंपनीला कोर्टात जायचं तर रकमेच्या ७५ टक्के आधी भरायचे. तक्रारीला समाधान नावाचं पोर्टल २०१७ पासून आहे. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही अट आली की ठरलेल्या मुदतीत लहान उद्योगाचे पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. ट्रेड्स नावाची व्यवस्था आहे, तिथं कंपनीनं बिल मान्य केलं की बँका बोली लावून व्हेंडरला आधीच पैसे देतात, आणि कंपनीनं नंतर बुडवलं तरी बँक व्हेंडरच्या मागं लागत नाही. अडीचशे कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथं नाव नोंदवणं बंधनकारक केलं २०२४ च्या नोव्हेंबरात.

मग मावसभाऊ तक्रार का करत नाही? कारण ज्याच्यावर तक्रार करायची तोच त्याचा एकमेव गिऱ्हाईक. नऊ बिलं मिळतील, दहावी ऑर्डर मिळणार नाही. एकट्यानं कोर्टात जाणं म्हणजे एकट्यानं पाणवठ्यावर जाणं. महाडला बाबासाहेब एकटे गेले नव्हते. हजारो घेऊन गेले.

कायद्यानं दिवस कसे मोजलेत ते बघा. मजुराचा महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. साखर कारखान्यानं उसाचे पैसे १४ दिवसांत, नाहीतर १५ टक्के व्याज, हा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश. लघु उद्योगाला ४५ दिवस. आणि बलुत्याला वर्ष. ज्याच्या हातात संघटना त्याचे दिवस कमी. उसवाल्याला चौदा दिवस मिळाले ते शेतकऱ्यांच्या चळवळीनं रस्ता अडवला म्हणून अंमलात येतात. तरी थकतातच. आणि त्याच उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या जोडप्याची उचल आधी, हिशोब हंगामाच्या शेवटी, तोही मुकादमाच्या वहीत. साखळीचं ते टोक चौदा दिवसांत बसत नाही.

दौंडकरांनो, तुमची गुऱ्हाळं बघा. केडगाव, यवत, राहू, सगळ्या पट्ट्यात काहिली पेटलेल्या असतात. ऊस तोडला की चोवीस तासांत चरकात गेला पाहिजे, नाहीतर रसातली साखर मोडते, ढेप बसत नाही. लहान धंदा म्हणजे काय, तर हा चोवीस तासांचा फास. गुळव्याचं कसब, चुलाणावर जळण टाकणाऱ्याची पाठ, हे वेळेत जुळलं तरच गूळ. आणि भाव? भाव दुसरीकडं आडत्या ठरवतो. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून दौंड जंक्शनावरून माल जातोय. माल दीडशे वर्षं पुढं जातोय, भाव ठरवायची जागा काही दौंडला आली नाही. जो नाशवंत माल हातात धरून बसतो तो सौद्यात हरतो. शेडवाल्याचा माल नासत नाही, पण त्याचा हप्ता नासतो. फास तोच.

आता जातीचं बोलू. कुणी म्हणेल, ह्यात जात कुठं आली, हा तर धंदा आहे. या, रांजणगावच्या गेटवर उभे राहू. भंगाराचा ठेका कुणाकडे? टँकरचा कुणाकडे? कामगार पुरवठ्याचा, बसगाड्यांचा, कँटीनचा? ज्याची जमीन गेली तो भूमिपुत्र, त्याला ठेका. जमीन ज्याला कधीच मिळू दिली नाही, तो कुणाचा पुत्र? तो ह्याच मातीत मेला, पण सातबाऱ्यावर नाही, म्हणून गेटच्या आत झाडूवर. बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलं की जात ही नुसती कामांची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. एमआयडीसी आली, वाटणी तीच राहिली, फक्त हेल्मेटचे रंग वेगळे. कंपनीचं पांढरं, ठेकेदाराचं पिवळं.

आणि १ जानेवारी २०१८ विसरू नका. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर. दुकानं, गाड्या जळाल्या. गाडी जळाली म्हणजे कुणाचा तरी पुरवठा जळाला, कुणाचा हप्ता जळाला. आपल्या माणसाच्या धंद्याला कर्ज, भाडं, उशिरा बिल ह्यांच्यावर हा आणखी एक खर्च आहे. भीतीचा. मॅनेजमेंटवाले त्याला जोखीम म्हणतात, पण त्यांच्या यादीत पूर, संप, भूकंप असतात. जात नसते.

सरकारनं काय केलं? २०१२ च्या आदेशानं केंद्राच्या खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी लहान उद्योगांकडून ठरावीक खरेदी करायची, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. एकूण खरेदीचा वाटा पुढं २० चा २५ टक्के झाला. २०१६ साली त्यासाठी राष्ट्रीय एससी-एसटी हब काढलं. आणि झालं काय? चारची रेघ गाठणं दूर, कित्येक वर्षं आकडा दोनच्या आतच रेंगाळला. कारण विचारलं की उत्तर येतं, लायक पुरवठादार मिळत नाहीत. नोकरीच्या बॅकलॉगला हेच उत्तर आपण ऐकलंय. शिवाय हा आदेश खाजगी कंपन्यांना लागू नाही. रांजणगावच्या गेटवर तो कागद चालत नाही.

२००५ साली पुण्यातच दलित उद्योजकांचं चेंबर निघालं, डिक्की. तेव्हापासून आपल्यात वाद आहे. एक म्हणतो, मालक व्हा, सुटाल. दुसरा म्हणतो, भांडवलशाहीची गाडी ओढायची काय. माझं म्हणणं दोघांना. शेडचा मालक झाला म्हणून कुणी सुटत नाही. साखळीच्या टोकावर मालकही मजूरच असतो, फक्त त्याच्या डोक्यावर कर्ज असतं. आणि धंद्यालाच शिव्या देऊन आपल्या पोराला ठेकेदाराच्या हजेरीवर सोडणं ही काही क्रांती नाही.

पण एक गोष्ट कडक सांगतो. आपलाच शेडवाला आपल्याच पोराला म्हणतो, माझं बिल आलं नाही, तुझा पगार पुढच्या महिन्यात. चाबूक खाल्लेला माणूस तोच चाबूक खाली फिरवतो. हे चालणार नाही. पगार सात तारखेच्या आत हा कायदा आहे. मोठ्या कारखान्यात ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती मूळ मालकानं द्यायची, हेही कायद्यात आहे. १९७० चा ठेका कामगार कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता आली, त्यात ही जबाबदारी शिल्लक आहे. पण ती लागू होते ५० किंवा जास्त ठेका मजूर असतील तिथं. म्हणून बघा, ठेकेदार एकोणपन्नासवर कसे थांबतात.

मग करायचं काय? रस्ता महाराष्ट्रानंच एकदा दाखवलाय. अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना एकत्र केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमाल एका व्यापाऱ्याचा नोकर नाही, आज ह्याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. त्याला रजा कोण देणार, फंड कोण भरणार? कायद्यानं उत्तर दिलं: मंडळ. व्यापारी नोंदणार, हमाल नोंदणार, मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात जमा होणार, मंडळ हमालाला देणार. देणारा आणि घेणारा ह्यांच्यामध्ये मर्जी उरली नाही, हिशोब आला. आज माथाडीच्या नावानं खंडणी गोळा करणारे बोके आहेत, मला माहीत आहे. बोक्यांमुळं दूध वाईट ठरत नाही.

तेच बिलांना लागू करा. एक: ज्याची शेड आहे त्यानं उद्यम नोंदणी करून घ्यावी, ती फुकट आहे, आणि प्रत्येक बिलावर तो नंबर छापावा. दोन: माल दिल्याची सही-शिक्क्याची पावती आणि तारीख. दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. तीन: एकट्यानं तक्रार नाही. एका गिऱ्हाइकाला माल देणाऱ्या दहा-पंधरा शेड एका दिवशी कौन्सिलात अर्ज टाकतील. पंधरांची ऑर्डर एका दिवसात कापली तर त्याचीच लाईन बंद पडते. जस्ट इन टाईमचा साठा त्याच्याकडेही नाही, हे लक्षात ठेवा. चाबकाची मूठ जितकी बारीक तितकी ती पटकन धरता येते. चार: शेडवाले आणि ठेका मजूर एका बैठकीत बसतील, आणि बिल आलं की पहिला हिस्सा पगाराचा असा लेखी ठराव करतील. पाच: आपली मागणी अशी की मोठ्या कंपनीनं सवलतीची जमीन, पाणी, कर घेतला असेल तर तिनं कुणाकडून किती माल घेतला, किती दिवसांत पैसे दिले, त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांना किती, हे दरवर्षी गेटवर फळा लावून सांगावं. गावाच्या जमिनीवर उभा आहेस ना, मग गावाला हिशोब दे.

दोस्तांनो, साखळीला दोन अर्थ आहेत. गुरं बांधतात ती साखळी, आणि कड्यात कडी अडकून माणसं उभी राहतात तीही साखळी. बंदरावर मी रोज बघतो, कितीही मोठं जहाज असो, एक कांब सैल राहिली तर वरची रास कलते. म्हणून साहेब स्वतः येऊन कांब तपासतो. त्याला ठाऊक आहे जोर कुठं आहे. आपल्यालाही ते ठाऊक व्हायला पाहिजे. उद्या सकाळी घरी जाऊन पहिलं काम करा. थकलेली बिलं आणि थकलेले पगार एका वहीत लिहून काढा. तारीख, रक्कम, दिवस. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या.

जयभीम.